फवारणीचा ड्रोन खान्देशात काय बदलेल आणि काय नाही

ड्रोन आला म्हणजे पाठीवरचा पंप गेला, मजुराची वाट पाहणे गेले, विषबाधेची भीतीही गेली, असे सध्या सगळीकडे ऐकू येते. कृषी प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी ड्रोनच्या मंडपापुढे असते. मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंत हिरव्यागार शेतावरून ड्रोन सरळ रेषेत जातो, मागे पांढरा फवारा दिसतो आणि खाली ‘शेतीतील क्रांती’ असे लिहिलेले असते. माझे मत आधीच सांगतो. ड्रोन हे चांगले यंत्र आहे. काही पिकांत आणि काही दिवसांत त्याला तोड नाही. पण त्याने खान्देशची शेती पालटेल असे मला वाटत नाही. असे का, ते कळण्यासाठी यंत्र मुळात काय करते ते नीट पाहावे लागेल, कारण ते काय करते यापेक्षा ते कसे दिसते यावरच जास्त बोलले जाते.

पाण्याची टाकी हवेत धरून ठेवण्याचा खर्च

शेतीत सध्या जास्त दिसतो तो १० लिटर टाकीचा ड्रोन. औषध-पाणी भरले की त्याचे वजन २५ किलोच्या आसपास जाते. एवढे वजन हवेत नुसते तरंगत ठेवायला साधारण ३ ते ४ किलोवॅट वीज सतत लागते. आपल्या विहिरीवरची ५ एचपीची मोटर ३.७ किलोवॅटची असते, म्हणजे एवढासा ड्रोन जवळपास विहिरीच्या मोटरएवढी ताकद खातो. फरक इतकाच की मोटरला वीज तारेतून मिळते, ड्रोनला ती स्वतःच्या अंगावर वाहून न्यावी लागते.

इथेच खरी अडचण आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. एक किलो लिथियम बॅटरीत ती साधारण २०० वॅट-तास असते. पेट्रोल इंजिनात बरीच ऊर्जा वाया जाते हे खरे, पण ते धरूनही तफावत फार मोठी राहते. म्हणून भरलेला ड्रोन एका चार्जिंगवर दहा-पंधरा मिनिटे उडतो आणि एक-दीड एकर उरकला की खाली उतरतो. बॅटरी वाढवली तर वजन वाढते, वजन वाढले की वीज जास्त लागते. पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये ही अडचण संपेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. बॅटऱ्या सुधारत आहेत, पण हळूहळू.

त्यामुळे ड्रोनसोबत चार-पाच बॅटऱ्या, त्या चार्ज करायला जनरेटर आणि हे सगळे बांधापर्यंत नेणारी गाडी लागते. आपल्याकडे शेतीच्या बऱ्याच फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री अशी पाळीने वीज मिळते. विहिरीवर चार्जर लावून काम भागेल हा हिशेब कागदावरच राहतो.

ड्रोनची खरोखर वाखाणण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याची चाल. उपग्रहावरून जागा ओळखून तो ठरवलेल्या रेषेवर चालतो, पिकापासून दोन-तीन मीटर उंची राखतो, टाकी संपली तर ती जागा लक्षात ठेवतो आणि परत येऊन तिथूनच पुढे सुरू करतो. माणूस दुपारी थकला की पावले लांब टाकतो आणि शेवटच्या चार ओळी अर्ध्या औषधात उरकतो. ड्रोन तसे करत नाही.

थेंबाचे गणित

पाठीवरच्या पंपाने कापसाला एकरी दीडशे ते दोनशे लिटर पाणी जाते. पंधरा लिटरचे दहा-बारा पंप म्हणजे तेवढेच. ड्रोन एकरी फक्त आठ-दहा लिटर पाणी वापरतो. औषधाची एकरी मात्रा तीच ठेवायची तर ते पंधरा-वीस पट कडक द्रावणात जाते आणि तेवढ्याच कमी पाण्यात सगळे झाड झाकायचे असते. मग थेंब बारीक करणे हा एकच मार्ग उरतो.

थेंबाचा व्यास निम्मा केला की एका थेंबाचे आठ थेंब होतात. पानावर जास्त ठिपके पडतात, पाणी कमी लागते. मात्र बारीक थेंब खाली यायला वेळ घेतो. १०० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे केसापेक्षा थोडा जाड, स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम पाव मीटर खाली येतो. तीन मीटरवरून पिकापर्यंत यायला त्याला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी दहा किलोमीटरचा साधा वारा त्याला तीसेक मीटर पलीकडे नेतो. ४०० मायक्रॉनचा जाड थेंब दोन सेकंदांत खाली येतो आणि पाच-सहा मीटरच सरकतो. ड्रोनच्या पंख्यांचा झोत थेंबांना खाली ढकलतो, त्यामुळे प्रत्यक्षात भरकटणे या हिशेबापेक्षा कमी होते. पण झोत पंख्यांच्या खालीच असतो. कडेचे थेंब वाऱ्याच्या हाती असतात. त्यात ऊन कडक असेल तर पाणी वाटेतच उडते, थेंब आणखी बारीक होतो आणि आणखी लांब जातो.

म्हणून ड्रोनने फवारणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, वारा पडलेला असताना करायची असते. दिवसभरात अमुक एकर उरकतो असे जाहिरातीत सांगतात, तेव्हा त्यातले भर दुपारचे आणि वाऱ्याचे तास वजा करायला हवेत.

आता पिकाकडे वळू. साठ-सत्तर दिवसांचा कापूस झाला की ओळी एकमेकांत मिसळतात. तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे पानाच्या खालच्या बाजूला बसलेले असतात. पंप घेऊन चालणारा जाणता माणूस नोझल खालून वर वळवतो. ड्रोनचा फवारा वरून येतो. झोताने पाने हलतात, उलटतात, काही थेंब आत शिरतात, पण वरच्या पानांवर जे पडते तेवढे खालच्या पानांपर्यंत जात नाही. पानात भिनून झाडभर फिरणारे आंतरप्रवाही औषध असेल तर थोडे भागते. स्पर्शाने मारणारे औषध असेल तर कीड जिथे बसली आहे तिथे ते पोचायलाच हवे. नंदुरबार-दोंडाईच्याकडचा मिरचीवाला शेतकरी हे लगेच ओळखतो, कारण त्याचा सगळा झगडा पानाखालच्या फुलकिड्यांशी असतो.

बोंडअळीचे तर विचारायलाच नको. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेला कापूस, २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा बीटी २००६ मध्ये आला आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर तो निष्प्रभ केला. बीटी आला तेव्हा क्रांती बियाण्यात आहे असे सांगितले जात होते. अळी एकदा कैरीत, म्हणजे हिरव्या बोंडात, शिरली की पंप असो, ड्रोन असो, कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे वासाने नर पतंगांना पकडणारे कामगंध सापळे, वेळेवर डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुले) वेचणे आणि फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) न ठेवणे हेच उपाय चालतात. यातले एकही काम ड्रोन करत नाही.

जिथे ड्रोनला पर्याय नाही

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातली केळी बघा. बाग वाढली की झाड आठ-दहा फुटांवर जाते आणि पानांवरचा करपा रोग रोखायला औषध वरच्या पानांपर्यंत जावे लागते. खाली उभे राहून एचटीपी पंपाची (जास्त दाबाने लांब पाइपातून फवारणारा पंप) गन वर धरली की निम्मे औषध माणसाच्या अंगावर येते. पाइप ओढताना पिले मोडतात, घडांना घासतो. करपा पसरतो तोही ढगाळ, दमट दिवसांत, जेव्हा चिखलामुळे बागेत पाऊल ठेवणे अवघड असते. अशा वेळी वरून, पानाच्या वरच्याच बाजूला, बारीक थेंब टाकणारे यंत्र अगदी योग्य ठरते. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांवर करप्यासाठी विमानाने फवारणी अनेक दशके होत आली आहे. आपल्या तीन-चार एकरांच्या बागेवर विमान कोण आणणार? ड्रोन ती जागा घेऊ शकतो.

मक्यावरची लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि खान्देशातही पसरली. ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, बसते, पोंग्याचे तोंड वर असते, म्हणजे फवारा वरूनच यायला हवा. शहाद्याकडचा उंच ऊसही असाच, तिथे माणूस आत शिरू शकत नाही. आणि काळ्या जमिनीत चार दिवस सलग पाऊस पडून उघडीप मिळते, तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत रुततात, ट्रॅक्टर जात नाही आणि कीड मात्र थांबत नाही. त्या दोन-तीन दिवसांत ड्रोन जे करून देईल ते दुसरे कोणी करू शकत नाही.

माणसाच्या जिवाचा मुद्दा मी हलका धरत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. उंच वाढलेल्या कापसात, दमट हवेत, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणारा माणूस आपल्याकडेही आहे आणि बहुतेक वेळा तो शेताचा मालक नसून सालदार किंवा रोजंदारीचा मजूर असतो. ड्रोनमुळे तो माणूस फवाऱ्यातून बाहेर येतो, हे मोठे काम आहे. फक्त एक लक्षात ठेवा. पंधरा-वीस पट कडक द्रावण कालवणारा आणि टाकीत ओतणारा माणूस तिथे असतोच, आणि त्याला हातमोजे, चष्मा, मास्क पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे आहेत.

गाजावाजा झालेली एक गाडी आणि न झालेला एक पंप

नव्या यंत्राबद्दल शंका घेतली की लोक म्हणतात, तुम्ही प्रगतीच्या आड येता. म्हणून अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. २००१ च्या सुरुवातीला तिथे डीन केमन या संशोधकाच्या गुप्त यंत्राची चर्चा पसरली. सामान्य लोकांनी यंत्र पाहिले नव्हते, पण ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांच्यापासून बडे गुंतवणूकदारांपर्यंत अनेकांनी त्याचे फार मोठे भाकीत केले होते. शहरांची रचना या यंत्राभोवती होईल, इंटरनेटपेक्षा हे मोठे ठरेल, इथपर्यंत बोलणे गेले. ३ डिसेंबर २००१ रोजी ते टीव्हीवर दाखवले गेले. नाव सेगवे. दोन चाके, मधे उभे राहायचे, पुढे झुकले की पुढे जायचे, आपोआप तोल सांभाळणारे. किंमत सुमारे ५,००० डॉलर. २००२ च्या अखेरीस आठवड्याला १०,००० गाड्या बनतील असा केमन यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात २०२० च्या जुलैमध्ये उत्पादन थांबले तोपर्यंत, जवळपास दोन दशकांत, एकूण सुमारे १,४०,००० गाड्या विकल्या गेल्या.

सेगवेत दोष काय होता? यंत्र म्हणून फारसा नाही. तोल सांभाळण्याचे तंत्र उत्तमच होते. पण फुटपाथवर चालवू द्यायची की रस्त्यावर, हे ठरेना. पायऱ्या आल्या की ३५-४० किलोची गाडी उचलायची कोणी? आणि जे काम ती करत होती ते माणूस पायाने फुकट करत होता. शेवटी पर्यटकांच्या सहली, गोदामे, विमानतळावरचे पोलीस अशा मोजक्या जागी ती उपयोगी पडली. शहरे होती तशीच राहिली.

आता आपल्याकडचे दुसरे यंत्र पाहा, चार्जिंगचा पंप. पूर्वी डाव्या हाताने दांडा मारत चालावे लागायचे, खांदा संध्याकाळी वर होत नसे. मग बॅटरीवर चालणारा सोळा लिटरचा पंप आला. दोन-चार हजारांत मिळतो. त्याचे उद्‌घाटन कोणी केले नाही, पहिल्या पानावर त्याची बातमी आली नाही. तरी काही वर्षांत तो गावागावांत पोचला. आज एखाद्या घरात दांड्याचा पंप शोधायला गेलात तर तो गोठ्याच्या मागे सापडेल. कारण सरळ आहे. पैसे अल्पभूधारकाला झेपणारे, रात्री घरच्या बोर्डवर चार्जिंग, शिकायला काही नाही, आणि मोटर जळली किंवा बॅटरी बसली तर तालुक्याच्या बाजारात पाच दुकानांत दुरुस्ती. ज्याला खरोखर मोठा बदल म्हणावा तो असा होतो, असे मला वाटते. एकरी पाणी तेच, मात्रा तीच, चाल तीच, आणि तरीही लाखो खांद्यांचे दुखणे कमी झाले.

ठिबक कशामुळे रुजले

खान्देशात खऱ्या अर्थाने क्रांती म्हणता येईल असे तंत्र एकच, ते म्हणजे ठिबक सिंचन. मूळ कल्पना इस्रायलची. १९८० च्या दशकाच्या शेवटी भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने जळगावात ती आणली. आज केळीची बाग ठिबकाशिवाय लावायची कोणी कल्पनाही करत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशी ठिबक आणि ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे ही दोन कामे आहेत.

पण ठिबक आले तसे लगेच पसरले नाही. आरंभी नळ्या चोंदायच्या, खारी आणि उंदीर लॅटरल (ओळीतून जाणाऱ्या बारीक नळ्या) कुरतडायचे, शेताला पाटाचे भरपूर पाणी दिसले नाही तर म्हाताऱ्यांचा जीव खालीवर व्हायचा. यावल-रावेरकडे भूजल खोल जात होते, म्हणून गरज खरी होती. त्यात अनुदान आले. मग ॲसिडने नळ्या धुणे, व्हेंचुरीतून (पाण्यात खत ओढून घेणारे उपकरण) खत सोडणे, हे शेतकरी एकमेकांच्या शेतात पाहून शिकले. तालुक्याच्या प्रत्येक बाजारात ड्रिपर, जोइनर, ग्रोमेट विकणारी दुकाने उभी राहिली. मध्यरात्री लॅटरल फाटली तर शेतमालक सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून वेळ मारून नेतो आणि सकाळी जोइनर लावतो. यंत्राची अशी देखभाल शेतकऱ्याच्या हाती आली, तेव्हा ठिबक त्याचे स्वतःचे झाले. याला दशके लागली.

ड्रोनच्या बाबतीत हे अजून कुठेच नाही. पंखा तुटला तर तो बदलणे सोपे आहे. पण मोटर, उड्डाण नियंत्रण करणारी सर्किटची पाटी, बॅटरी हे भाग बरेचसे परदेशातून येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र येऊ दिले. म्हणजे ड्रोन इथे जोडला जातो, पण बिघाड झाला तर भाग लांबून मागवावा लागतो. ऐन ऑगस्टमध्ये ड्रोन दहा दिवस दुरुस्तीत पडला तर तो हंगाम गेला.

परवडते का

‘किसान ड्रोन’ची घोषणा १ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली. सुमारे १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद, किमतीच्या ८० टक्के म्हणजे जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, बाकी कर्ज. बचतगटातली बाई रिमोट हातात घेऊन शेतात उभी राहते, गावकरी तिला काम सांगतात, याचे मोल मी रुपयांत करत नाही. माझी काळजी वेगळी आहे. अनुदानावर यंत्र घरी येते, पण ते चालते भाड्यावर.

बॅटरीचा संच साधारण दोनशे-तीनशे चार्जिंगनंतर दम सोडतो. एका चार्जिंगला सव्वा एकर धरला तर संच तीन-साडेतीनशे एकर चालेल. संच ४०,००० रुपयांचा धरला तर नुसत्या बॅटरीचा खर्च एकरी सव्वाशे रुपयांच्या आसपास जातो. त्यावर जनरेटरचे पेट्रोल, गाडी, चालवणारी व्यक्ती आणि मदतनीस, विमा, दुरुस्ती. भाडे एकरी पाचशे असेल तर रोज भरपूर एकर व्हायला हवेत. पण महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकर, आणि तीही दोन-तीन तुकड्यांत. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला, सामान उतरवायला, बांधावरचे निंब आणि विजेच्या तारा चुकवायला उडण्यापेक्षा जास्त वेळ जातो. आणि काम येते ते सगळ्यांचे एकदम. पाऊस उघडला की पूर्ण गावाला त्याच तीन दिवसांत फवारणी हवी असते. नंतरचे महिने ड्रोन खोक्यात.

बांधावर होणारे बोलणे ऐका.

“दीदी, एकरी किती?”

“पाचशे, आबा.”

“औषध?”

“औषध तुमचं.”

“मग मजुराचे पंपामागे किती अन् तुमचे किती, धरून सांगा.”

“आबा, पाणी वाहायला नको, मजूर शोधायला नको.”

“ते खरं. पण पानाखाली जाईल का, ते सांगा आधी.”

आबांचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर पिकागणिक बदलते, आणि ते शेतात तपासूनच मिळते.

टाकीत काय भरतो तेही पाहायला हवे. ड्रोनबरोबर नॅनो युरियाचाही खूप प्रचार झाला. जून २०२१ मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. एक बाटली एका गोणीची जागा घेते असे सांगितले गेले. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे शेतात चाचणी घेतली, तेव्हा गव्हाचे उत्पन्न २१.६ टक्के आणि भाताचे १३ टक्के घटलेले आढळले. ड्रोन कितीही अचूक उडाला तरी टाकीत नसलेले नत्र तो पिकाला देऊ शकत नाही.

जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते खरे आहे. यामाहाचे बिनचालक हेलिकॉप्टर तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भातशेतीवर फवारणी करत आले आहे. तिथे शेतकरी म्हातारे झाले, शेतावर हात उरले नाहीत, भात बुटका आणि सपाट. यंत्राला जागा परिस्थितीने करून दिली. खान्देशातही मजूर मिळेनासा होत चालला आहे, तरुण पुणे-सुरतेकडे जातात. हा कल असाच राहिला तर दहा-पंधरा वर्षांनी ड्रोनचे काम आजच्यापेक्षा खूप वाढलेले असेल, हे मी मान्य करतो. तेव्हाही त्याची मुख्य जागा केळी, मका, ऊस आणि पावसानंतरचे ते तीन दिवस हीच असेल असा माझा अंदाज आहे.

बोलावणार असाल तर

ड्रोन चालवणाऱ्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र असायला हवे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग पाडले आहेत. जळगाव विमानतळ, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी अशा जागांच्या जवळ शेत असेल तर आधी नकाशा पाहून घ्यायला सांगा. औषध ड्रोनने मारायला मंजूर आहे का तेही विचारा. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने ४७७ कीडनाशकांना दोन वर्षांची तात्पुरती परवानगी दिली होती. आज तुमच्या हातात असलेल्या बाटलीबद्दल कृषी विज्ञान केंद्र सांगू शकेल.

पानाखाली जाते का, याची चाचणी घरच्या घरी होते. पहिल्या फेरीत टाकीत औषध न घालता साधे पाणी आणि कपड्यांची पातळ नीळ घाला. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या झाडाच्या शेंड्याला, मधे आणि खाली, पानाच्या दोन्ही बाजूंना टाचणीने लावा. एक फेरी मारून घ्या आणि पट्ट्या काढून उन्हात पाहा. शेंड्याच्या पट्टीवर दाट ठिपके आणि खालच्या पट्टीवर दोन-चारच दिसले तर तुमच्या कापसाला या औषधासाठी पंपच बरा. केळीत वरच्या पानावर सारखे ठिपके दिसले तर निर्धास्त फवारा.

शेजाऱ्यालाही आदल्या दिवशी सांगा. केरळातल्या कासारगोडमध्ये काजूच्या मळ्यांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीडनाशक फवारले गेले, त्याचे भोग तिथल्या माणसांनी भोगले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते औषध बंद केले. ड्रोन हेलिकॉप्टरइतका उंच उडत नाही, पण थेंब त्याचेही वाऱ्यावर जातात. शेजारी मधपेट्या असतील, उघडी विहीर असेल, वैरणीचा घास असेल, तर त्या बाजूच्या ओळी सोडून द्या.

आणि टाकी धुतली का, हे स्वतः उभे राहून पाहा. पंपातल्या टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश कापसावर गेला की काय होते ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पाने भेंडीच्या पानासारखी चिरून निमुळती होतात, शेंडा वळतो, पात्या गळतात. पंप स्वतःचा असतो तेव्हा काल त्यात काय होते ते आपल्याला ठाऊक असते. ड्रोन काल कोणत्या गावात, कोणाच्या मक्यात तणनाशक मारून आला ते ठाऊक नसते, आणि त्याच्या नळ्या-नोझलमध्ये राहिलेले चार चमचे वीस पट कडक द्रावणाचे असतात. साबणाच्या पाण्याने तीनदा, नळ्यांसकट, नोझल काढून धुवायला लावा. तणनाशकासाठी वेगळी टाकी आणि वेगळ्या नळ्या ठेवणारा कोणी जवळपास असेल, तर एकरी पन्नास रुपये जास्त देऊनही कापूस त्याच्याकडूनच फवारून घ्या.